हजारात दोन भाग

९ जानेवारी

नव्या सुगंधाची मागणी आज हाती आली. दीड पानाचे टिपण आणि त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका. लाल पेनाने दुरुस्त करून ठेवल्या. पुरुषांसाठी लाकडी, वनौषधी वळणाचा सुगंध हवा आहे. येथवर ठीक. पुढे ‘हा पुरुष कसा असावा’ या मथळ्याखाली लिहिले आहे : ‘तो खोलीत आला म्हणून बोलणी थांबू नयेत. तो निघून गेला की मात्र काहीतरी कमी झाल्यासारखे वाटावे.’

हे वर्णन पुरुषाचे आहे की पंख्याचे?

ज्याच्या येण्याने बोलणी थांबत नाहीत, त्याने येण्याचे कष्ट घ्यावेतच कशाला? मला जो पुरुष दिसतो त्याला कणा आहे. तो दारात उभा राहिला की खुर्च्या मागे सरकतात. देवदाराचे खोड, वाळ्याची मुळे, वर लॅव्हेंडरची शिस्त. तो घडवण्यास मला कोणाच्या टिपणाची गरज नाही. आरशापुरते अंतर चालून गेले तरी पुरे.

दुपारी बाईंनी खोलीत बोलावले. आमच्या संचालिका गोड बोलतात, आणि नेमके तेव्हाच सावध व्हावे लागते.

“सर, मागची दोन्ही कामं आपल्या हातून गेली. हेही गेलं तर मला नव्या माणसाचा विचार करावा लागेल. तुम्ही सल्लागार म्हणून असालच की.”

सल्लागार म्हणजे भिंतीवरचे गतवर्षीचे कॅलेंडर. कोणी काढून टाकत नाही आणि कोणी पाहतही नाही. सत्तावीस वर्षे या घराण्याची अत्तरे मी रचली. गेल्या दोन वर्षांत ग्राहकांची अभिरुची घसरली, त्याला मी काय करणार?

१२ जानेवारी

पहिले चार प्रयोग झाले. मी सूत्र लिहितो, गुंज वजन करतो. गुंज म्हणजे माझा वजनदार. शरीराने नव्हे, हुद्द्याने. एकोणीस वर्षे तो माझ्या काट्यावर आहे आणि गुंजभर चूक त्याच्या हातून झाल्याचे मला स्मरत नाही. नाव मीच ठेवले. शिक्षण बेताचे, बोलणे त्याहून बेताचे. त्याच्या टेबलावरून थेंब सांडत नाही, बाटलीचे झाकण उघडे राहत नाही आणि त्याच्या तोंडून वाक्य निघत नाही. मला अशी माणसे सोयीची वाटतात.

प्रत्येक वजन तो वजनवहीत लिहितो आणि संध्याकाळी पानाखाली मी सही करतो. त्यात पाहण्यासारखे काही नसते.

या रचनेचा कणा ‘चाळीस नंबर’ असणार. प्रयोगशाळेत घडवलेला हा पदार्थ. तापलेला दगड, वाळलेले लाकूड आणि किंचित धातू यांचा मिळून जो वास येईल तो. अत्यंत तिखट. हजारात दोन भाग पुरतात, अधिक झाले तर सुगंधाची करवत होते. विद्यार्थ्यांना मी हे वाक्य दरवर्षी ऐकवत आलो आहे.

आज दोन भागांवर मला तो जाणवलाच नाही. नवा माल फिकट आला असावा. भांडारात तक्रार लिहून पाठवली.

१७ जानेवारी

भांडाराचे उत्तर आले : माल तपासला, निर्दोष आहे. तपासणारे कोण, हे मी ओळखून आहे. तूर्त पाच भाग केले. प्रयोग नऊ अंगावर लावून घरी गेलो. सुगंध पट्टीवर नव्हे, माणसावर जोखायचा असतो.

परिणाम लक्षणीय होता. इमारतीच्या लिफ्टमध्ये माझ्या आधी चढलेले शेजारी दुसऱ्याच मजल्यावर उतरले आणि जिन्याने वर गेले. राहतात सातव्यावर. अदब अशीच दिसते.

घरात पाऊल टाकले तोच पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “आलात?”

“न पाहता कसे ओळखलेस?”

“अहो, लिफ्टमधून तुमच्या आधी तुम्ही येता.” आणि तिने खिडकी उघडली.

बत्तीस वर्षांच्या संसारात एवढी नेमकी दाद तिने क्वचितच दिली असेल. इथे नोंदवून ठेवतो.

२१ जानेवारी

वार्षिक नाक-परीक्षा. पद्धत मीच अकरा वर्षांपूर्वी घालून दिली : समोर तीन कागदी पट्ट्या, दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती ते ओळखायचे, असे दहा वेळा. वास न घेता नुसता अंदाज मारला तरी तीन-चार बरोबर येतातच, त्यामुळे सातच्या खाली गुण मिळवणारा माझ्या प्रयोगशाळेत वास घेत नाही.

विभागातली दोन तरुण मुले आठावर अडकली. गुंजला दहापैकी दहा. दरवर्षीप्रमाणेच. काट्यावरच्या माणसाला एवढे नाक मिळणे म्हणजे बहिऱ्याच्या घरी सतार.

“सर, तुमचं नाव यादीत घालू का?” एका मुलाने विचारले. थट्टा असावी.

“परीक्षक परीक्षेला बसत नसतो,” मी म्हणालो.

२८ जानेवारी

पहिली फेरी. ग्राहक कंपनीकडून जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक तरुणी आली होती. टिपणातल्या सात चुका हिच्याच, हे तिच्या बोलण्यावरून ताबडतोब कळले. प्रयोग चौदाची पट्टी तिने नाकाशी नेली आणि झटक्यात लांब केली.

“टोचतोय,” ती म्हणाली.

“कोठे?”

“इथे.” तिने दोन भुवयांच्या मध्ये बोट टेकवले. “सॉरी, पण हा माणूस माझ्याशी बोलत नाहीये, मला कोपऱ्यात घेतोय.”

टोचतोय! सुगंधाची चिकित्सा करायची तर शब्दसंपदा हवी. ही दाढदुखीची तक्रार झाली.

बाईंनी सावरून घेतले, वीस फेब्रुवारीला दुसरी संधी मागून घेतली. ती गेल्यावर मात्र चेहऱ्यावरचे हसू उतरवून म्हणाल्या, “सर, शेवटची.” बोलताना त्या खिडकीजवळ उभ्या होत्या. हल्ली आमच्याकडे सर्वांनाच खिडक्यांचे वेड लागले आहे.

२९ जानेवारी

विचारांती निदान झाले. रचना टोचते कारण ती अपुरी आहे. कणा कमी पडला की बाकीची हाडे टोचतात. चाळीस नंबर नऊ भाग.

गुंजने सूत्र वाचले. पुन्हा वाचले. “साहेब, एक बोलू का?”

“बोल.”

“चाळीस… नऊ?”

“मराठीतच लिहिले आहे ना?”

“नाही, म्हणजे, हात जड होतोय का असं…”

“गुंज,” मी म्हणालो, “काटा तुझा, नाक माझे. एकोणीस वर्षे हा करार चालला आहे. तो मोडायचा आहे का?”

“नाही साहेब.” त्याने मान खाली घालून वजन केले. काटेकोर, नऊ.

कन्येला महाविद्यालयात सोडायला गाडीने गेलो. अर्ध्या वाटेत म्हणाली, “बाबा, मला इथेच उतरवा, मी चालत जाते.”

“अजून दीड मैल आहे.”

“डोकं दुखतंय. हवेवर बरं वाटेल.”

ही पिढी नाश्ता करत नाही, मग डोके दुखणारच.

६ फेब्रुवारी

चौदा दिवस उरले. प्रयोग एकोणीस. धैर्य करून चाळीस नंबर चौदा भाग लिहिला. माझ्याखेरीज कोणी असे धाडस केले नसते.

गुंज आज काट्यापाशी फार वेळ उभा होता, माझ्याकडे पाठ करून. “झोप लागली का रे?” म्हणून विचारले तर दचकला. वय होत चालले आहे त्याचे, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान असूनही. वजनवही नेहमीप्रमाणे पुढे सरकवली. पण आज ती हातात धरून उभा राहिला, सही झाल्यावरही.

“काही आहे का?”

“तुम्ही पान बघितलंत ना, साहेब?”

“सही केली ना?”

“हो, केलीत.” तो वही घेऊन गेला.

नव्या रचनेचा वास घेतला. नऊ आणि चौदा यांत मला विशेष फरक जाणवला नाही. याचा अर्थ इतकाच की पदार्थ रचनेत पूर्ण मुरला आहे.

८ फेब्रुवारी

चमत्कार म्हणावा असे घडले. प्रयोग एकोणीस लावून जेवायला बसलो आणि पत्नी शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. गेले तीन आठवडे ती समोर बसत होती. भाजी वाढताना थांबली, माझ्या खांद्याजवळ वाकली.

“हे काय लावलंय?”

“का?”

“काही नाही. छान आहे. लग्नात तुमच्या मामांच्या घरी एक मोठी लाकडी पेटी होती, आठवते? ती उघडली की असं यायचं.”

चौदा भाग! मी म्हणत होतो ते हेच. भित्रेपणाने केलेली रचना माणसांना दूर लोटते, पूर्ण धैर्याने केलेली जवळ ओढते. यावर एक निबंध लिहिण्याचा विचार आहे.

१२ फेब्रुवारी

लिफ्टमधले शेजारी आज माझ्यासोबत सातव्यापर्यंत आले. कन्या गाडीतून शेवटपर्यंत आली, वर गाणे गुणगुणत होती. मला मुळात कोणाच्या संमतीची गरज नव्हती, तरी नोंद करून ठेवतो.

२० फेब्रुवारी

काम मिळाले.

चष्मेवालीने पट्टी नाकाशी नेली. पुन्हा घेतली. मग डोळे मिटून म्हणाली, “हाच. हा आलाय हे कळतं, पण तो कुणाला ढकलत नाही. जागा देतो.”

मी तिला समजावले की जागा वगैरे काही नाही, हा पुरुष जागा घेतो; चाळीस नंबरचे धाडस मी कसे केले तेही सविस्तर सांगितले. ती हसत राहिली. बाईंनी सर्वांसमोर टाळ्या वाजवल्या.

“वजनं कोण करतं तुमच्याकडे?” चष्मेवालीने जाता जाता विचारले. “फार स्वच्छ काम आहे.”

“काट्यावर माझा एक माणूस असतो,” मी म्हणालो.

गुंज तेव्हा कोपऱ्यात पट्ट्या गोळा करत होता. संध्याकाळी त्याला पेढ्याचा डबा दिला. घेतला, पण उघडला नाही. “साहेब, कारखान्यात सूत्र पाठवायच्या आधी मला एकदा दाखवाल? एकदा नजर टाकतो.”

“माझ्या सूत्रावर?”

“वजनांवर.”

“बघू,” मी म्हणालो. विजयाच्या दिवशी माणसाने उदार असावे.

४ मार्च

कारखान्याला घाई होती, सूत्र आज स्वतःच्या हस्ताक्षरात पाठवून दिले. एकूण मागणी दीड हजार किलोची. पहिला घाणा दोनशेचा. गुंज तीन दिवस रजेवर आहे, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे म्हणे. त्याच्या नजरेवाचून सूत्राचे काही अडले नाही.

७ मार्च

गुंज हजर. आल्या आल्या विचारले, “साहेब, सूत्र?”

“परवाच्या आदल्या दिवशीच गेले.”

“गेलं?” तो तिथल्या तिथे स्टुलावर बसला. माझ्यासमोर तो कधी बसत नाही. “थांबवता येईल का? फोन करून?”

“कशासाठी?”

त्याचे ओठ हलले. मग दारातून दोन्ही मुले हसत आत आली, तसा तो उठला. “काही नाही साहेब. डोळ्याचं सगळं नीट झालं आईच्या.”

मी कुठे विचारले होते?

१४ मार्च

लिहिण्यास हात वळत नाही, पण जे घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी कारखानाप्रमुखांचा फोन आला. घाणा तयार झाला आणि कढई उघडताच दोन कामगार खोकत बाहेर पळाले. चष्मेवालीला नमुना पोचला. तिने कळवले की हा तो सुगंध नव्हेच, हा तर जानेवारीतला टोचरा इसम आहे, तोही दुप्पट रागावलेला.

बाईंच्या खोलीत दोन बाटल्या मांडल्या होत्या : मान्य झालेला नमुना आणि कारखान्याचा घाणा. सगळ्यांनी वास घेतला. घाण्याची पट्टी फिरली तशी माणसे एकेक पाऊल मागे सरकली.

मी दोन्ही पट्ट्या घेतल्या. आलटून पालटून तीनदा.

त्या सारख्या होत्या.

“केवढा फरक आहे, नाही सर?” बाई म्हणाल्या.

खोलीतले सगळे माझ्याकडे पाहत होते. मी मान हलवली. “उघड आहे,” मी म्हणालो.

असे मी का म्हणालो, हे मला या क्षणी सांगता येत नाही. सकाळपासून सर्दीसारखे वाटत होते. खोलीही कोंदट होती.

बाईंनी वजनवही मागवली. सूत्रात चाळीस नंबर चौदा. वहीत प्रयोग एकोणीसच्या पानावर, गुंजच्या गोल अक्षरात, ‘चाळीस – २’. त्याखाली ‘द्रावक – १२’, म्हणजे वजन भरून काढायला बिनवासाचा पातळ पदार्थ. आणि पानाच्या तळाशी माझी सही. पुढच्या प्रत्येक पानावर तेच.

“सर, सही तर तुमचीच आहे.”

“एकोणीस वर्षांच्या विश्वासाने केलेली आहे,” मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. “त्याने त्याचा गैरफायदा घेतला. माझ्या सूत्रात हात घालण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? याची चौकशी झाली पाहिजे. या माणसाला काट्याजवळ उभे करता कामा नये.”

गुंजला बोलावले. बाईंनी विचारले, “चौदाचे दोन का केलेत?”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. “चूक माझी आहे, मॅडम.”

“चूक की मुद्दाम?”

“माझी आहे,” तो पुन्हा म्हणाला. एवढेच.

कामावरून थांबवले. बावीस तारखेला चौकशी. पुराव्यानिशी बाजू मी मांडायची आहे. जाताना त्याने काट्यावर कापड घातले आणि कडा सरळ केल्या.

१६ मार्च

प्रयोगशाळेत काहीतरी बिनसले आहे, नेमके काय ते सांगता येत नाही. मुले काम करतात. काटा चालतो. तरी दिवसभर मी तीन-चार वेळा मान वर करून पाहिले, कोणीतरी काही विचारल्यासारखे वाटून. पट्ट्यांवर तारखा नाहीत. लॅव्हेंडरची बाटली रात्रभर उघडी राहिली होती. खोली मोठी झाल्यासारखी वाटते, आणि ते सुखावह नाही.

१८ मार्च

चौकशीसाठी पुरावा बिनतोड हवा, म्हणून आज तीन पट्ट्यांची परीक्षा योजली. एका बाजूला माझे सूत्र, मी स्वतः वजन करून. दुसऱ्या बाजूला गुंजचे. माझ्या वजनाला चाळीस मिनिटे लागली आणि टेबलावर दोन ठिकाणी सांडले.

लेखा विभागातले दोघे, दारवान आणि आमची दोन मुले बसवली. सर्वांना दहापैकी दहा. दारवान तर म्हणाला, “यात ओळखायचं काय साहेब? एक माणूस आहे, एक भांडण आहे.”

ते गेल्यावर दार लावून घेतले. नोंद पूर्ण असावी म्हणून, केवळ म्हणून, मी स्वतः बसलो. पट्ट्यांच्या मागे खुणा केल्या, डोळे मिटून मिसळल्या.

तीन.

बाहेर बागेत चक्कर मारून, पाणी पिऊन, नाक स्वच्छ करून पुन्हा बसलो. चार. पुन्हा. तीन.

मग चाळीस नंबरची बाटली उघडली आणि निव्वळ पदार्थावर नाक धरले. विद्यार्थ्यांना मी सांगतो, असे कधी करू नका, दिवसभर दुसरा वास येणार नाही. धुतलेल्या बाटलीत नाक घालावे तसे वाटले. काच आणि हवा.

बाकी सगळे येते. लॅव्हेंडर येते, वाळा येतो, दारवानाच्या सदऱ्याला लागलेला साबण येतो. हा एकच नाही. म्हाताऱ्या कानांना जसा एखादाच सूर ऐकू येईनासा होतो, तसे नाकाचे होते हे मी शिकवतो. शिकवतो, म्हणजे इतरांना.

संध्याकाळी दोन्ही पट्ट्या घरी नेल्या. पत्नीला म्हणालो, “सांग.”

तिने एक बाजूला ठेवली. “ही ती फेब्रुवारीतली.” दुसरी खिडकीबाहेर धरली. “आणि ही जानेवारीतली. ही नको हो घरात.”

“मग जानेवारीत बोलली का नाहीस?”

“बोलले की. खिडकी उघडली, लांब बसले, लिफ्टचं बोलले.” ती पदराला हात पुसत होती. “तुम्हाला सगळ्याची ‘वा’ ऐकू येते, त्याला मी काय करू?”

१९ मार्च

गुंजच्या घरी गेलो. एकोणीस वर्षांत प्रथमच. पत्ता कार्यालयातून घ्यावा लागला. दोन खोल्या, तिसरा मजला, कपाटावर औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. त्याची आई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसली होती.

“कोण आलंय रे?”

“साहेब आलेत, आई.”

“ते वासाचे? बसा हो. हा तुमच्याबद्दल फार सांगतो. म्हणतो, आमच्या साहेबांसारखं नाक सापडायचं नाही.”

गुंजने मान वळवली. मी बसलो. काय बोलायचे ते घरून वाक्यावाक्याने ठरवून आलो होतो. ते सगळे सोडून दिले.

“तुला कधी कळले?” मी विचारले.

“काय, साहेब?”

“गुंज.”

“दोन वर्षं झाली. तुम्ही दोनाचे चार लिहिलेत तेव्हा वाटलं, नवं काही शोधताय. मग सहा आलं.”

“दोन वर्षे. म्हणजे मागची दोन्ही कामे…”

“त्या दोन्ही वेळा मी तुमचं ऐकलं, साहेब.”

स्वयंपाकघरात नळ गळत होता. त्याने उठून घट्ट केला आणि परत आला.

“मग या वेळी?”

“या वेळी ते तुम्हाला भिंतीवर लावणार होते.” म्हणजे कॅलेंडरची गोष्ट मी त्याच्यासमोर बोललो होतो तर, मला आठवतही नाही. “म्हटलं, सूत्र तुमचंच आहे. एवढं सुंदर बांधलंय, फक्त एका ठिकाणी हात… खोटं लिहवलं नाही, म्हणून वहीत खरं लिहिलं. वाटलं, तुम्ही बघाल आणि मला ओरडाल. ओरडलात तर सांगता आलं असतं.”

“आणि बाईंसमोर का गप्प बसलास? एवढे सांगितले असतेस तर सुटला असतास.”

“मग तुमचं काय झालं असतं?” त्याने हे असे विचारले की जणू उत्तर मला ठाऊक नसावे.

निघताना त्याने घडी केलेला कागद हातावर ठेवला. “घाणा फेकू देऊ नका. दोनशे किलोत चाळीस चौदाने आहे. त्याच सूत्राचा, चाळीस अजिबात न घालता, बाराशे किलो करा आणि मिसळा. हजारात बरोबर दोन येतं. मी मांडून ठेवलंय.”

नोकरीवरून काढले जाण्याच्या वाटेवर असलेल्या माणसाने घरी बसून हा हिशोब मांडला होता. रस्त्यावर येऊन मी तो तपासला. बरोबर होता. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी तीही पाहिली, हे मला लाजेने लिहावे लागते.

२१ मार्च

उद्या दोन मार्ग आहेत. त्यातला एक अत्यंत सोपा आहे : काहीच न करणे. कागदपत्र माझ्या बाजूने आहेत. वहीवर दोन, सूत्रावर चौदा, आणि आरोपीने चूक कबूल केलेली. गुंज बोलणार नाही. माझी सल्लागारीही टळेल. पुढे काट्यावर नवा माणूस येईल, तो मी लिहिलेले मुकाट वजन करील, आणि सुगंध पुन्हा टोचू लागतील. पण तोवर वर्ष तरी जाईल.

हे मी तीनदा वाचले. वाक्यरचना निर्दोष आहे.

२२ मार्च

बाईंच्या खोलीत आठ माणसे होती. गुंज दाराजवळ उभा, इस्त्रीचा सदरा घालून. बाई म्हणाल्या, “सर, तुमची बाजू.”

मी उभा राहिलो. आवाज खणखणीत निघाला, सवयीचा परिणाम.

“अठरा तारखेला मी तीन पट्ट्यांच्या परीक्षेला बसलो,” मी म्हणालो. “मला दहापैकी तीन गुण मिळाले. माझ्याच नियमाप्रमाणे मला या प्रयोगशाळेत वास घेण्याचा अधिकार नाही. चाळीस नंबर मला येत नाही. दोन वर्षे येत नाही. चौदा तारखेला याच खोलीत मी ‘उघड आहे’ म्हणालो, ते खोटे होते. तुम्ही पसंत केलेला सुगंध हजारात दोन भागांचा आहे, आणि ते दोन भाग याने ठरवले. वहीत खरे लिहिले होते. मी न वाचता सही केली.”

मग गुंजचा कागद टेबलावर ठेवला आणि घाणा कसा वाचवता येईल ते सांगितले. एव्हाना कारखानाप्रमुख खुर्चीत पुढे सरकले होते.

बाईंनी पेनाचे टोपण लावले. “सर, हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर…”

“आधी मला ठाऊक नव्हते,” मी म्हणालो. मग दुरुस्ती केली. “आधी मी विचारले नव्हते.”

गुंज सोमवारपासून कामावर. माझ्याविषयी बाई महिनाअखेरीस ठरवतील. सल्लागार होईन, बहुधा. मिश्रणाचे सूत्र मात्र मीच लिहून द्यायचे आहे; माझ्याखेरीज ते कोणाला बांधता येणार नाही, असे त्या म्हणाल्या. हे वाक्य मी दोनदा आठवून पाहिले. मग सोडून दिले.

बाहेर पडताना गुंज हळूच म्हणाला, “साहेब, एवढं सगळं बोलायची गरज नव्हती.”

“गरज तुझ्या मताने ठरत नाही,” मी म्हणालो. काही सवयी एका दिवसात जात नाहीत.

२६ मार्च

सकाळी काट्यावरचे कापड निघालेले दिसले. लॅव्हेंडरचे झाकण लागलेले. पट्ट्यांवर तारखा.

मिश्रणाचा लहान नमुना केला. मी सूत्र वाचून दाखवले, गुंजने वजन केले. वही पुढे आली; मी प्रत्येक ओळ वाचली, बोट ठेवून, आणि मग सही केली. तो शेजारी उभा राहून पाहत होता.

पट्टी बुडवली. नेहमीप्रमाणे ती त्याने माझ्यापुढे धरली. मी घेतली, वास घेतला : लॅव्हेंडर, देवदार, खाली वाळा, आणि त्यानंतर जिथे काहीतरी असायला हवे तिथे रिकामी जागा. पट्टी मी त्याच्याकडे परत केली आणि माझी खुर्ची ओढून त्याच्या बाजूला सरकवली.

“बसा,” मी म्हणालो. “आणि आता तुम्ही सांगा.”

गुंजने मागे वळून पाहिले, दारात आणखी कोणी आले आहे का ते. कोणी नव्हते. तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर बसला, पट्टी नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मी पेनाचे टोपण काढून थांबलो.